कॉम्प्युटर सारखा हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे क्रमाने करून बघा

माझा घरचा कॉम्प्युटर जवळजवळ तीन महिने हँग होत होता. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थांबायचं. माऊस हलायचा, पण क्लिक लागायचं नाही. वीस-तीस सेकंदांनी मधल्या वेळात दाबलेल्या सगळ्या कळा एकदम उमटायच्या. त्या तीन महिन्यांत मी दोनदा विंडोज नव्याने टाकलं, रॅमची (चालू कामाची माहिती तात्पुरती धरणाऱ्या मेमरीची) एक पट्टी बदलली, अँटीव्हायरस काढला, परत घातला. शेवटी दोष निघाला तो हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड (सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी) यांना जोडणाऱ्या साध्या साटा केबलमध्ये. ती बदलायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तीन महिने गेले याचं कारण सरळ आहे. मी रोज काहीतरी बदलत होते, पण आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे नीट बघतच नव्हते. एकाच संध्याकाळी ड्रायव्हर (एखाद्या भागाला विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर), अँटीव्हायरस आणि रॅम तिन्हींना हात लावला की कॉम्प्युटर सुधारला तरी कशामुळे ते कळत नाही, आणि बिघडला तरी कळत नाही. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांना एकच नियम लावा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहून ठेवायची आणि पुढची बदलण्याआधी वाट बघायची.

हे सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे. लॅपटॉपला बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतात, फक्त उघडण्याचं काम जास्त नाजूक असतं.

हाताशी काय हवं

- वही आणि पेन. कॉम्प्युटरवरच नोंदी ठेवल्या तर तो हँग झाल्यावर त्या बघता येत नाहीत.
- बॅकअपसाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क.
- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह. यावरचं सगळं पुसलं जाणार आहे.
- फुलीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर आणि मऊ, कोरडा ब्रश.
- क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्क तपासायला), एचडब्ल्यूइन्फो (उष्णता बघायला) आणि मेमटेस्ट८६ (रॅम तपासायला) ही तीन सॉफ्टवेअर. तिन्ही फुकट मिळतात. उतरवून घेताना बनवणाऱ्यांच्याच साइटवरून घ्या. शोधात सगळ्यात वर येणाऱ्या जाहिरातीतलं मोठं हिरवं डाउनलोडचं बटण बहुतेकदा दुसरंच काहीतरी गळ्यात मारतं.
- बिटलॉकर (डिस्कवरच्या माहितीला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की. ही आधीच कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही बदललं, तर पुढच्या वेळी कॉम्प्युटर सुरू होताना ती मागू शकतो, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइलींना मुकावं लागतं. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर आपल्या नकळत चालू असू शकतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करत असाल तर की बहुधा त्या खात्यात जपलेली असते.

१. सगळ्यात आधी बॅकअप

ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नका. हँग होणं हे मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कचं लक्षण असू शकतं, आणि तसं असेल तर पुढची प्रत्येक चाचणी त्या डिस्कवर ताण टाकते. फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड, हिशेबाच्या फाइली आजच बाहेर काढा. कॉपी करताना एखाद्या फोल्डरपाशी कॉम्प्युटर हमखास अडकत असेल तर त्या फोल्डरचं नाव वहीत लिहा, तो सोडून बाकीचं आधी घ्या. तो फोल्डर हाच पहिला पुरावा ठरू शकतो.

२. हँग म्हणजे नेमकं काय होतंय ते बघा

आपण सगळ्यालाच हँग म्हणतो, पण त्यात निदान चार वेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे. पुढच्या वेळी कॉम्प्युटर अडकला की लगेच बटण दाबून बंद करू नका. कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबा आणि तिचा दिवा बघा.

दिवा लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर आतून जिवंत आहे. चित्र थांबलंय, पण गाण्याचा आवाज चालू आहे, अशा वेळी संशय ग्राफिक्सवर घ्या. विंडोजची कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन चित्र परत आलं तर शोधाचं क्षेत्र बरंच आकसलं.

दिवा हलतच नाही, आवाज एका सुरावर खरखरत अडकलाय, माऊस ठार थांबलाय: हा पूर्ण हँग. इथे रॅम, एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड किंवा एखादा खोलवरचा ड्रायव्हर यांच्याकडे बोट जातं.

माऊस हलतो, पण सगळं थांबून थांबून चालतं आणि थोड्या वेळाने आपोआप सुटतं, हा माझा प्रकार होता. यात पहिला संशय डिस्कवर.

आणि एकच प्रोग्राम पांढुरका पडून "नॉट रिस्पॉन्डिंग" दाखवतो, बाकी सगळं चालतं, तेव्हा दोष बहुधा त्या प्रोग्रामपुरताच असतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, तो बंद करा, अपडेट करा, नाहीतर काढून पुन्हा टाका.

कशानेच सुटला नाही तर निदान दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा. भिंतीवरच्या स्विचने बंद करायची सवय लावून घेऊ नका.

३. आठवडाभर वही लिहा

तारीख, वेळ, कॉम्प्युटर सुरू करून किती वेळ झाला होता, काय चालू होतं, कुठला प्रकार, कॅप्स लॉकचा दिवा. एवढंच, एका ओळीत. चार-पाच ओळी जमल्या की नक्षी दिसायला लागते. सुरू केल्यावर अर्ध्या तासानेच हँग होतो का? मग उष्णता बघा. फक्त गेम किंवा व्हिडिओच्या वेळी? ग्राफिक्स, एसएमपीएस. काहीच करत नसताना, नुसता ठेवलेला असताना? वीज वाचवण्याच्या सेटिंग, रॅम. एखादं उपकरण जोडल्यावर? त्याच उपकरणापासून सुरुवात करा. यूएसबीला लावलेलं सगळं, अगदी प्रिंटर आणि वेबकॅमसुद्धा, काढून फक्त कीबोर्ड-माऊसवर दोन दिवस चालवून बघणं हा बिनखर्ची प्रयोग आहे.

इथे एक खड्डा आहे. "बंद करून चालू करून बघा" असं सगळे सांगतात, पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर कॉम्प्युटर पूर्ण बंद होत नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूवर क्लिक केलं की "अप टाइम" दिसतो. रोज रात्री बंद करूनही तिथे अनेक दिवस दिसतील. म्हणून खरी नवी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्टच करा.

४. विंडोजने काय लिहून ठेवलंय ते वाचा

स्टार्टच्या शोधात "रिलायबिलिटी" असं इंग्रजीत टाइप करा. "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" उघडा. दिवसवार आलेख येतो, बिघाडाच्या दिवशी लाल फुली असते. हँग सुरू झाले त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत कुठला ड्रायव्हर, अपडेट किंवा प्रोग्राम आला हे तिथे ताबडतोब दिसतं.

त्यानंतर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. वहीतल्या वेळेच्या आसपासच्या नोंदी बघा. तुम्हाला "कर्नल-पॉवर ४१" ही नोंद जवळजवळ नक्की सापडेल, आणि अनेकजण तिथेच फसतात. ती बघून एसएमपीएस बदलणारे मी पाहिलेत. त्या नोंदीचा अर्थ एवढाच, की कॉम्प्युटर नीट शट डाउन न होता बंद झाला. तो तर आपणच बटण दाबून बंद केलेला असतो! कारण त्या नोंदीच्या आधीच्या मिनिटांत शोधायचं. डिस्कच्या किंवा तिच्या ड्रायव्हरच्या नावाने ७, १५३ किंवा १२९ क्रमांकाच्या नोंदी असतील तर सरळ पुढच्या पायरीवर जा. "व्हिया-लॉगर" (WHEA-Logger) नावाने लाल नोंद असेल तर हार्डवेअरने स्वतःच चूक कळवली आहे असं समजा.

५. हार्ड डिस्क किंवा एसएसडी तपासा

थांबून थांबून चालणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये दोष इथे सापडण्याची शक्यता मोठी, म्हणून इथे घाई नको.

टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा आणि हँगच्या वेळी बघा. डिस्क १०० टक्के दाखवते आहे, पण वाचन-लेखनाचा वेग मात्र शून्य किंवा काही केबी, असं असेल तर डिस्क काम करत नाहीये, कुठेतरी अडकून बसली आहे. तिथेच "ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम" असतो. एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या डिस्कला) तो सहसा काही मिलिसेकंदांचा असतो. हजारांत गेला तर गंभीर आहे. मात्र जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज सुरू झाल्यानंतरची पहिली काही मिनिटं १०० टक्के दिसणं नेहमीचंच. तिथे वेगही चांगला दिसत असेल तर घाबरू नका.

आता क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा. वर निळ्यात "गुड", पिवळ्यात "कॉशन" किंवा लाल रंगात "बॅड" दिसेल. पिवळं किंवा लाल असेल तर चाचण्या थांबवा, राहिलेला बॅकअप पूर्ण करा आणि डिस्क बदलायच्या तयारीला लागा.

निळं दिसलं म्हणून मात्र सुटका मानू नका. माझ्या डिस्कवर तीन महिने निळंच होतं. खालच्या तक्त्यात साटा डिस्कसाठी चार ओळी बघायच्या: ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (माहिती ठेवायचे डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, सी६ म्हणजे दुरुस्त न झालेले, आणि सी७ म्हणजे केबलमधून येता-जाता बिघडलेल्या माहितीच्या चुका. पहिल्या तिन्ही शून्य हव्यात. चौथीचा त्या निळ्या शेऱ्याशी संबंध नसतो, म्हणून ती नजरेतून सुटते. शिवाय हे सॉफ्टवेअर आकडे मुळात सोळाच्या पद्धतीत (ए ते एफ ही अक्षरंही आकडे म्हणून वापरून) दाखवतं. फंक्शन, ॲडव्हान्स्ड फीचर, रॉ व्हॅल्यूज असं जाऊन ते दहाच्या पद्धतीत करून घ्या.

माझ्याकडे सी७ समोर ३१२ होतं. मी तो आकडा वहीत लिहिला आणि वाट बघत बसले. दुपारी एकदा हँग झाला. सुटल्यावर बघितलं तर ३१४. संध्याकाळी परत हँग, आता ३१७. त्या क्षणी मला कळलं की रॅम आणि विंडोज दोन्ही निर्दोष आहेत. कॅबिनेट उघडलं तर केबल डिस्कच्या मागे काटकोनात मुडपून झाकणाला दाबून बसली होती. नवी केबल, मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट, आणि तिथून आकडा हलायचा थांबला.

दोन इशारे. "सीएचकेडीएसके" (chkdsk) या विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या कमांडची सखोल तपासणी बॅकअप नसताना कधीही चालवू नका. ती पूर्ण डिस्क वाचून काढते आणि अखेरच्या घटका मोजणारी डिस्क त्यातच जाऊ शकते. आणि एसएसडी काठोकाठ भरू देऊ नका. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असेल तर तिला आतली आवराआवर करता येते, नाहीतर लिहिताना ती अडखळते.

६. उष्णता

एचडब्ल्यूइन्फो फक्त सेन्सर दाखवण्यापुरतं उघडा. बहुतेक प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की तो स्वतःहून वेग उतरवतो, आणि तरी तापला तर कॉम्प्युटर बंद होतो. म्हणजे निव्वळ उष्णतेने आधी मंदपणा येतो, मग अचानक बंद पडणं. नुसत्या ब्राउझरवर ८५-९० दिसत असेल तर उघडून साफ करायची वेळ झाली आहे.

साफ करताना वीज पूर्ण काढा, मग पॉवरचं बटण एकदा दाबून आत उरलेली वीज संपवा, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून ब्रश मारा. हवेच्या झोताने पंखा भरधाव फिरला तर खराब होऊ शकतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूकडे नेणारा लेप) वाळून भुकटी झाली असेल तर जुनी पूर्ण पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरत असाल तर आधी तो टेबलावर आणा, बाकीचं नंतर.

७. रॅम

पूर्ण हँग असेल, किंवा कधी हँग तर कधी निळा पडदा असं होत असेल, तर ही पायरी महत्त्वाची. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे, पण तिने सगळं ठीक सांगितलं तरी मी तो शेवटचा शब्द धरत नाही. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाका, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा आणि रात्रभर चारही फेऱ्या होऊ द्या. चुकांचा आकडा शून्यच हवा. "एकच तर आहे" असं इथे चालत नाही.

चूक निघाली तर लगेच नवी पट्टी आणू नका. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) चालू असेल तर बंद करा, म्हणजे रॅम तिच्या मूळ वेगाने चालेल, आणि पुन्हा चाचणी घ्या. तरीही चूक आली तर पट्ट्या काढून पुन्हा नीट बसवा, खटका वाजेपर्यंत. मग एकेक पट्टी वेगळी तपासा, तीच खाच वापरून. दोन्ही पट्ट्या त्याच खाचेत नापास होत असतील तर दोष पट्टीचा नाही, खाचेचा किंवा मदरबोर्डचा आहे.

८. आता सॉफ्टवेअर

मी ही पायरी मुद्दाम उशिरा ठेवली आहे, कारण आपण सगळे इथूनच सुरुवात करतो आणि इथेच अडकून पडतो.

शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जा, तिथलं रीस्टार्ट दाबा आणि यादी आली की ४ दाबून सेफ मोडमध्ये शिरा. तिथे अगदी मोजके ड्रायव्हर चालतात. एरवी तासाभरात हँग होणारा कॉम्प्युटर तिथे अर्धा दिवस सुरळीत चालला तर दोष ड्रायव्हर किंवा एखाद्या सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता वाढते.

मग परत नेहमीच्या विंडोजमध्ये येऊन स्टार्टच्या शोधातून "एमएसकॉन्फिग" (msconfig) उघडा. सर्व्हिसेसमध्ये आधी "हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस" वर खूण करा आणि मगच उरलेल्या बंद करा. ही खूण विसरलात तर विंडोजच्या स्वतःच्या सेवा बंद होतील आणि नवंच दुखणं लागेल. टास्क मॅनेजरमधून स्टार्टअपचे प्रोग्रामही बंद करा. हँग थांबला का? मग बंद केलेल्यांपैकी निम्म्या सेवा चालू करा. पुन्हा हँग झाला तर दोषी त्या निम्म्यात, नाहीतर उरलेल्या निम्म्यात. असं अर्धं-अर्धं करत गेलं की चाळीस सेवांतून एक शोधायला पाच-सहा फेऱ्या पुरतात.

ग्राफिक्स ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्यांच्या साइटवरून घ्या. नव्या ड्रायव्हरनंतर त्रास सुरू झाला असेल तर मागचा टाका. नवीन ते चांगलंच असं नसतं. विंडोजच्या फाइली तपासायला कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, इंग्रजीत एस-एफ-सी टाइप करा, एक जागा सोडून स्लॅश आणि त्याला चिकटून स्कॅननाऊ.

रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगचा साठा) साफ करणारी आणि एका क्लिकवर सगळे ड्रायव्हर बदलणारी सॉफ्टवेअर टाळा. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवू नका, ते एकमेकांच्या फाइली तपासत बसतात. आणि पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती डिस्कवरची जागा) बंद केल्याने कॉम्प्युटर हलका होतो हा सल्ला ऐकू नका. रॅम भरली की तो उलट लवकर कोलमडतो.

९. फॉरमॅटच्या आधी एक रात्र लिनक्सवर

फॉरमॅट मारायचा मोह होईल तेव्हा हे करा. उबुंटूसारखं लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवर टाका आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालवा. इन्स्टॉलच्या बटणाला हात लावू नका. व्हिडिओ लावा, ब्राउझर उघडा, तीन-चार तास काम करा. तिथेही हँग झाला तर विंडोज दहादा नव्याने टाकून काही होणार नाही, दोष हार्डवेअरचा आहे. मी हे पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर दोनदा विंडोज टाकायचे चार दिवस वाचले असते. मात्र लिनक्स पेनड्राइव्हवरून चालत असल्यामुळे डिस्कचा दोष तिथे लपू शकतो. तेव्हा डिस्कवरच्या मोठ्या फाइलीही उघडून बघा.

याहून सोपी चाचणी म्हणजे कॉम्प्युटर बायोसच्या पडद्यावर अर्धा तास नुसता सोडून देणं. तिथेही गोठला तर विंडोजचा प्रश्नच उरत नाही.

१०. दुरुस्तीला देताना

एवढं करूनही सापडलं नाही तर एसएमपीएस आणि मदरबोर्ड उरतात. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (छोट्या नळकांड्यासारखे भाग) डोक्यावर फुगलेले दिसतात का ते बघा, पण एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वीज काढल्यावरही त्यात धोकादायक भार राहतो. तो तपासायचा तर दुसरा चांगला लावून बघायचा, एवढाच घरगुती उपाय.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना "हँग होतो" एवढंच सांगितलं तर तो फॉरमॅट मारून देईल, आणि त्याच्यासमोर तासभर कॉम्प्युटर गुणाने चालेल. म्हणून वहीतलं पान सोबत न्या: कुठला प्रकार, कधी, कोणत्या चाचण्या झाल्या, मेमटेस्टचा निकाल, डिस्कचे चार आकडे. मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका असं कागदावर लिहून द्या. एखादा भाग बदलला तर जुना परत मागा.

आणि कॉम्प्युटर घरी आल्यावर दोन आठवडे वही चालू ठेवा. सी७ चा जुना आकडा केबल बदलली तरी शून्यावर येत नाही, त्यामुळे तो मोठा दिसतोय म्हणून परत घाबरू नका. तो वाढतोय का एवढंच बघायचं. माझा आजही ३१७ आहे.